क्ष मानण्याआधी : आठवीच्या वर्गातल्या प्रकल्प नोंदी

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली. एका चलातील समीकरणे सुट्टीआधीच शिकवून झाली होती, म्हणून आज सरावाला दहा गणिते दिली. ३क्ष + ७ = २५ असे नुसते समीकरण दिले की हात पटापट वर होतात. तेच वाक्यात घातले, 'एका संख्येच्या तिपटीत ७ मिळवले तर २५ येतात, ती संख्या कोणती?', की निम्मा वर्ग थबकतो. काहींनी तोंडी हिशोब करून ६ लिहिले आणि समीकरणाची जागा कोरी ठेवली. मागच्या बाकावरच्या मुलाने उभे राहून विचारले, "मॅडम, उत्तर आलं ना, मग क्ष कशाला?"

प्रश्न रास्त आहे. त्याला आज उत्तर दिले नाही, वहीत लिहून ठेवला.

प्रकल्प असा ठरवला आहे: रोज तासाच्या शेवटी एक शाब्दिक उदाहरण द्यायचे, मुले जे लिहितील ते जसेच्या तसे या वहीत उतरवायचे आणि वाक्य ते समीकरण या वाटेवर पाय नेमका कुठे घसरतो ते शोधायचे. जानेवारीत मुलांनी स्वतः रचलेल्या उदाहरणांची एक वही करायची. पुस्तकात अक्षरे रोमन आहेत, मी मात्र फळ्यावर क्ष आणि य लिहिणार आहे. आम्ही शिकलो तेव्हा तेच होते, आणि मुलांनाही ते वाचायला अडत नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

फळ्याशेजारी तक्ता लावला. मिळवले, जास्त, एकूण यांच्यापुढे अधिक. कमी, वजा, उरले यांच्यापुढे उणे. पट म्हणजे गुणिले. आहे, येते, होते म्हणजे बरोबर. मुलांनी वहीत उतरवून घेतला. आजची सोपी उदाहरणे जवळपास सगळ्यांची आली. समाधान वाटले.

२५ नोव्हेंबर, सोमवार

मधला आठवडा निवडणुकीच्या कामात गेला. २० तारखेला मतदान, त्याआधी प्रशिक्षण आणि साहित्य ताब्यात घेण्याची धावपळ. आज वर्गावर आले.

उदाहरण दिले: 'एका मुलाने खेळात १५ गोट्या मिळवल्या. आता त्याच्याकडे ४० गोट्या झाल्या. आधी किती होत्या?' वर्गात ठिकठिकाणी ५५. दुसरे: 'धाकटा भाऊ थोरल्यापेक्षा ३ वर्षांनी लहान आहे. धाकट्याचे वय ११, तर थोरल्याचे किती?' त्यावर ८. एका मुलीला विचारले, थोरला भाऊ आठ वर्षांचा आणि धाकटा अकरा, असं कसं? ती तक्त्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मॅडम, लहान म्हणजे कमीच ना, आणि कमी म्हणजे वजा."

तिने माझा तक्ता मन लावून पाठ केला होता. चूक माझ्या तक्त्याची होती. 'मिळवल्या' हा शब्द गोष्टीत काय घडले ते सांगतो, आपण कोणती क्रिया करायची ते सांगत नाही. क्ष + १५ = ४० असे मांडले तर 'मिळवल्या'चा अधिक आपल्या जागी बसतो आणि वजाबाकी नंतर आपोआप येते. समीकरणाचा खरा उपयोग तिथेच आहे: गोष्ट जशी घडली तशीच लिहायची, उलटा विचार डोक्यात करायचा नाही. तक्त्याने मुलांना गोष्ट वाचायचीच गरज ठेवली नव्हती.

मधल्या सुट्टीत तक्ता काढला.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

शब्द सोडून प्रत्ययांकडे वळलो. फळ्यावर जोड्या लिहिल्या.

'एका संख्येतून ७ वजा केले' आणि '७ मधून एक संख्या वजा केली'. शब्द जवळपास तेच, 'तून' आणि 'मधून' कोणाला चिकटले आहेत ते बदलले. एक क्ष − ७, दुसरे ७ − क्ष.

'एक संख्या ७ ने कमी केली' आणि 'एक संख्या ७ पेक्षा कमी आहे'. 'ने' असेल तर ७ हा फरक आहे, क्ष − ७. 'पेक्षा' असेल तर ७ शी नुसती तुलना आहे. क्ष नक्की किती हे त्यातून कळत नाही, समीकरण होतच नाही. आणि 'क्ष पेक्षा ७ ने कमी' असे दोन्ही एका वाक्यात आले की मुले हमखास गोंधळतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो या जोडीवर: 'एका संख्येच्या दुपटीत ५ मिळवले' आणि 'एका संख्येत ५ मिळवून येणाऱ्या बेरजेची दुप्पट केली'. दोन्हीला सगळ्यांचे २क्ष + ५. कंस कोणाला दिसत नाही. मराठीच्या बाई वर्गाबाहेरून जात होत्या, त्यांना आत बोलावले. त्या म्हणाल्या, "अहो, 'मिळवून' हे पूर्वकालवाचक धातुसाधित आहे. पोरांनो, 'तो हात धुऊन जेवला', तर आधी काय केलं?" सगळे ओरडले, हात धुतले! "मग 'मिळवून' आलं तर आधी काय?" मिळवायचं. म्हणजे 'मिळवून'पर्यंत जे काही झाले ते एका मुठीत धरायचे आणि मग दुप्पट करायची. तीच मूठ म्हणजे कंस: २(क्ष + ५).

त्यानंतर एक मुलगा खरोखरच मूठ आवळून वाक्य वाचू लागला. त्याला अडवले नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

आज दिलेले वाक्य: 'आमच्या वाड्यात कोंबड्या शेळ्यांच्या चौपट आहेत.' कोंबड्यांसाठी क, शेळ्यांसाठी श. फक्त समीकरण लिहा, सोडवायचे नाही.

बहुतेकांनी ४क = श लिहिले. हुशार म्हणून ओळखली जाणारी मुलेही त्यात होती. मग एका मुलीच्या वहीत चित्र दिसले. डावीकडे चार कोंबड्या, त्यांच्या चोची, शेपट्या सगळे काढलेले. उजवीकडे एक शेळी. आणि खाली मधोमध ४क = १श. चित्र अगदी बरोबर होते. चार कोंबड्यांमागे एक शेळी, तेच तिने लिहिले होते. तिच्या मनात क म्हणजे कोंबडी होती. मला हवे होते 'कोंबड्यांची संख्या'.

तिला म्हटले, समज शेळ्या ५ आहेत, मग कोंबड्या किती? वीस, लगेच. आता वीस आणि पाच तुझ्या समीकरणात घाल. चार गुणिले वीस, ऐंशी... बरोबर पाच? ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग शेळीच्या बाजूला एक कडी काढून त्यात ४ लिहिले. क = ४श. कोंबड्या जास्त आहेत, म्हणून चौपट शेळ्यांची करायची तेव्हा कुठे दोन्ही बाजू सारख्या होतात.

ही चूक खेड्यातल्या मुलांपुरती नाही. अमेरिकेतल्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना असेच एक वाक्य दिले गेले होते: या विद्यापीठात विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत. त्यावर १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३७ टक्के विद्यार्थ्यांचे समीकरण चुकलेले होते, आणि त्यातही बहुतेकांनी ते असेच उलटे लिहिले होते. हे उद्या वर्गात सांगणार आहे. चूक का होते हे कळले की मुलांना ती कमीपणाची वाटत नाही.

आजपासून नियम: अक्षर मानताना पूर्ण वाक्य लिहायचे. 'क = कोंबड्या' चालणार नाही. 'कोंबड्यांची संख्या क मानू.'

७ डिसेंबर, शनिवार

आजची नोंद नीट लिहायला हवी, कारण मला वाटते इतके दिवस जे शोधत होते ते सापडले.

गेले काही दिवस एक गोष्ट खटकत होती. मराठीत 'आहे' वाक्याच्या शेवटी येते. 'आईचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे.' बरोबरचे चिन्ह समीकरणात मधोमध, आणि वाक्यात त्याच्या अर्थाचा शब्द टोकाला. मुले डावीकडून उजवीकडे एकेक शब्द उतरवत जातात: आईचे वय, मग मुलीचे वय, मग तीन, आणि शेवटी 'आहे' आले की बरोबर लिहायला जागाच उरत नाही. मग जमेल तिथे ते घुसवतात.

आज दोन मुली शेजारी बसून कुजबुजत होत्या. घरी सगळ्यांची अहिराणी. एकीने दुसरीला वाक्य समजावून सांगताना त्याचे दोन तुकडे केले, आणि मधे 'जितलं' आणि 'तितलं' घातले. आईचे वय जितके, मुलीच्या वयाची तिप्पट तितकी. मी जागीच थांबले. तेच वाक्य, पण आता दोन सारख्या गोष्टी समोरासमोर आल्या होत्या आणि मधे एक स्वल्पविराम होता. त्या स्वल्पविरामाच्या जागी बरोबरचे चिन्ह ठेवले की समीकरण तयार.

फळ्यावर घेतले. 'कोंबड्या जेवढ्या, शेळ्यांची चौपट तेवढी.' क = ४श. आता उलटे लिहायला वावच नाही. 'थोरल्याचे वय ३ ने कमी केले की जेवढे, धाकट्याचे वय तेवढे.' थ − ३ = ११. काही मुले जेवढे-तेवढे म्हणाली, काही जितलं-तितलं. दोन्ही चालते.

मग मला आठवले आणि अंगावर शहारा आला. भास्कराचार्य अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणतात. आधीच्या गणितींच्याही लेखनात तो शब्द आहे. यावत्-तावत् म्हणजे दुसरे काय, जितके-तितके! क्ष साठी आपल्या पूर्वजांचा शब्द मुलींच्या तोंडी होता.

१२ डिसेंबर, गुरुवार

'यावत्तावत्' वर्गात सांगितले. भास्कराचार्य त्याचे पहिले अक्षर 'या' लिहीत. एकाहून जास्त अज्ञात असले तर पुढच्यांना रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक, लोहितक, लिहिताना का, नी, पी, लो. सुट्या आकड्याआधी 'रू', म्हणजे रूप. ऋण संख्या असेल तर तिच्या डोक्यावर टिंब.

मग त्यांच्या बीजगणितातले घोड्यांचे उदाहरण मराठीत दिले. एकाकडे ६ घोडे आणि ३०० रुपये. दुसऱ्याकडे १० घोडे, पण त्याच्यावर १०० रुपयांचे कर्ज. घोडे सगळे एका किमतीचे. दोघांची संपत्ती सारखी. एका घोड्याची किंमत किती?

भास्कराचार्यांच्या काळी बरोबरचे चिन्ह नव्हते. रॉबर्ट रेकॉर्ड याने ते १५५७ साली आणले, भास्कराचार्यांचे ग्रंथ त्याच्या चारशे वर्षे आधीचे. ते काय करत? दोन बाजू एकाखाली एक लिहीत.

या ६ रू ३००
या १० रू १०० (या शंभरावर टिंब)

मुलांना ही मांडणी फार आवडली. वरच्या ओळीत एकाची संपत्ती, खालच्या ओळीत दुसऱ्याची. दोन्ही ओळींचे वजन सारखे. घोडे घोड्यांखाली, रुपये रुपयांखाली. चार घोडे जास्त आणि चारशे रुपयांचा फरक, म्हणून घोडा १०० चा. एका मुलाने टिंबाच्या शंभरातून ३०० वजा करताना उत्तर २०० काढले. कर्ज शंभर आणि शिल्लक तीनशे यांत फरक चारशेचा होतो हे त्याला खिशातल्या पैशांवरून समजावले.

हीच रीत आता वहीत चालू ठेवायची. आधी दोन ओळी: वर काय, खाली काय, ते शब्दांत. मग अक्षर मानायचे. बरोबरचे चिन्ह सगळ्यात शेवटी. 'क्ष मानू' हे पहिले वाक्य लिहायची सवय मीच इतकी वर्षे लावत आले. काय आणि काय सारखे आहे हे ठरण्याआधी क्ष मानून मुले करणार काय?

१५ डिसेंबर, रविवार

पालकांची परवानगी घेऊन मुलांना पाटणादेवीला नेले. चाळीसगावपासून जवळच, गौताळ्याच्या जंगलात. मुले जत्रेला येतात, पण देवळातल्या शिलालेखाकडे कोणी पाहिलेले नव्हते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला आणि इथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिले, असे त्यात कोरले आहे. शके ११२८, म्हणजे साधारण इ.स. १२०७.

लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत: पाटणच्या बाजारातल्या वसुलीतून मठाला काय काय द्यायचे. त्यात 'दामाचा वीसोवा' असे शब्द आहेत. मी मुलांना विचारले, वीसोवा म्हणजे किती? चित्र काढणारी मुलगी म्हणाली, "क्ष भागिले वीस." बाजारात दाम कितीही येवो, त्याचा विसावा भाग. दाम किती येणार हे लेख कोरणाऱ्याला ठाऊक नव्हते, तरी हिस्सा ठरलेला होता. मुले शिळेजवळ तोंडे नेऊन अक्षरे लावत बसली. डबे खाऊन चारला निघालो.

१९ डिसेंबर, गुरुवार

दोन अंकी संख्या. 'एका दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे. अंकांची अदलाबदल केली की संख्या २७ ने वाढते.' जेवढे-तेवढे इथेही चालते, अडते दुसरीकडे. दशक क्ष, एकक य मानले की मुले संख्या लिहितात क्षय. सत्तेचाळीसमध्ये चार आणि सात शेजारी बसतात, तसे.

आपल्या भाषेत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतो, लिहिताना चार. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात एकवीसबरोबर 'वीस एक' अशीही वाचनाची रीत आली तेव्हा केवढा वाद झाला होता. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या आणि त्यांनी ती रीत ठामपणे मांडली होती. आज वर्गात मी 'चाळीस सात' म्हणायला लावले, आणि चाळीस म्हणजे चार दहा. मग १०क्ष + य आपोआप आले. एकवीस हा शब्द मला प्यारा आहे आणि तो जाऊ नये असेच वाटते, पण या एका ठिकाणी 'वीस एक'ने काम सोपे केले हे मान्य करायला हवे.

उत्तर ३६. उलटे ६३.

२३ डिसेंबर, सोमवार

काल राष्ट्रीय गणित दिन रविवारी आला, म्हणून आज साजरा. भास्कराचार्यांचे भुंग्यांचे उदाहरण घेतले. थव्याचा पाचवा भाग कदंबावर, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलावर, या दोन भागांच्या फरकाच्या तिप्पट कुटजावर (कुटज म्हणजे आपला कुडा), आणि एक भुंगा केतकी आणि मालतीच्या वासाने भुलून हवेत इकडून तिकडे. "मॅडम, किती आहेत ते दिलंच नाही, नुसता एकच आकडा दिलाय." तोच तर गणिताचा प्राण. झाडांवरचे आणि हवेतला मिळून जेवढे, सगळा थवा तेवढा. भुंगे पंधरा निघाले: तीन, पाच, सहा आणि एक.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

'आईचे वय मुलीच्या तिप्पट आहे. १२ वर्षांनी ते मुलीच्या वयाच्या दुप्पट होईल.' 'उत्तर आलं ना' म्हणणाऱ्या मुलाने आधी तोंडीच धडपड केली. ३० आणि १०, नाही. ४५ आणि १५, नाही. चार-पाच वेळा पाटी पुसली. मग गुपचूप दोन ओळी आखल्या. वर 'आईचे १२ वर्षांनंतरचे वय', खाली 'मुलीच्या १२ वर्षांनंतरच्या वयाची दुप्पट'. ३क्ष + १२, आणि २(क्ष + १२). 'नंतरच्या' शब्दाखाली त्याने दोन रेघा ओढल्या होत्या. बाकीचे बरेच जण १२ फक्त आईच्या वयात मिळवून मोकळे झाले, जणू मुलगी वाढणारच नाही.

मुलगी १२, आई ३६. मी त्याला आठवण करून दिली नाही. तो स्वतःच म्हणाला, "इथं क्ष लागतो."

८ जानेवारी, बुधवार

मुलांनी रचलेली उदाहरणे जमा झाली. बरीचशी पुस्तकातलीच, नावे बदललेली. पण कोंबड्यांचे चित्र काढणाऱ्या मुलीचे उदाहरण इथे पूर्ण उतरवते. तिची आई आणि मावशी कापूस वेचायला जातात.

'आईने ३० किलो कापूस वेचला आणि तिला मागची बाकी ८० रुपये मिळाले. मावशीने ४० किलो वेचला, पण तिची २० रुपये उचल कापली. दोघींच्या हातात सारखेच पैसे आले. वेचणी किलोला कितीने?'

आईच्या हातात जेवढे, मावशीच्या हातात तेवढे. आणि खाली, निळ्या शाईत:

या ३० रू ८०
या ४० रू २० (२० वर तिने जाड टिंब दिले आहे)

घोड्यांच्या गणिताचीच चाल, पण तिने घोडे घेतले नाहीत. दर १० निघतो. पडताळा तिने बाजूला करून ठेवलाय: आईचे ३०० आणि ८०, मावशीचे ४०० वजा २०, दोन्हीकडे ३८०.

तिला विचारले, दर खरा आहे का? म्हणाली, "हो, मॅडम, आईनं सांगितलं. पण उचल वीसच नव्हती, जास्त होती. जास्त घेतली की उत्तर अपूर्णांकात येत होतं." मग खरी उचल घालून पुन्हा करून बघ म्हटले, अपूर्णांक आला तर येऊ दे, आपण सोडवू. वही परत घेऊन ती जागेवर गेली आणि खोडरबर शोधू लागली.